शुक्रवारचा शेवटचा तास

२ सप्टेंबर, सोमवार

दवाखान्यातली नर्स म्हणाली, झोप येत नसेल तर रोज चार ओळी लिहीत जा. मी म्हटलं, झोप येते. मग म्हणाली, जेवण जात नसेल तर लिहा. मी म्हटलं, जेवण जातं. तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तरी लिहा. सुरुवात जमली नाही तर स्वतःचं नाव लिहा.

इआनेता. बेटावरच्या आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवते. माझा नवरा एनेलिको त्याच शाळेत सहावीचा वर्गशिक्षक होता. जुलैत गेला. पाण्याच्या टाकीचं झाकण बसवून शिडीवरून उतरला, म्हणाला छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय, आणि ओट्यावर आडवा झाला. मयताला अख्खा जिल्हा लोटला. बारीक विणीच्या चटया आल्या, डुकरं आली, डबाबंद माशांचे खोके आले, देणंघेणं रीतसर झालं. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, खंबीर आहे हो. खंबीर वगैरे काही नाही. मला काही होतच नाही.

आजपासून त्याची सहावी माझ्याकडे.

जेवले, ताटं धुतली, हे लिहिलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे फुआतिनोताई, एनेलिकोची थोरली बहीण. घरी ताई, शाळेत बाई.

"शुक्रवारचा शेवटचा तास," त्या म्हणाल्या, "यापुढे सराव पेपर. जिल्ह्यात आपली शाळा खालून दुसरी आली आहे. मला पुढच्या सभेत मान खाली घालून बसायचं नाही."

"घेते."

"काही म्हणायचंय?"

"नाही."

"तो असता तर माझ्याशी भांडला असता."

"हो."

त्या थांबल्या. मी आणखी काही बोलेन असं वाटलं असावं. मग म्हणाल्या, "जा मग. घंटा होईल."

शुक्रवारचा शेवटचा तास म्हणजे एनेलिकोचा ओळींचा तास. भिंतीपलीकडे मी भागाकार शिकवत असे आणि तिकडून खिदळणं ऐकू यायचं. तो मुलांना एकच प्रश्न विचारायचा. आज काय बघितलंस, जे दुसऱ्या कुणीच बघितलं नाही? मूल जे सांगेल त्याची ओळ करायची. मग ती ओळ कापायची. "लांब झाली, छोटी कर," हे त्याचं वाक्य मला भिंतीतूनही पाठ झालं होतं. तासाभराच्या आरडाओरडीनंतर एका मुलाची एक ओळ व्हायची. मी त्याला म्हणायचे, आठवडाभरात एक ओळ, हे काय शिकणं झालं? तो म्हणायचा, तू शिकवलेला भागाकार तरी आठवड्यात कुणाला आला? ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग यायचा.

६ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटच्या तासाला पेपर वाटले. कुणी उघडेनात. बसड्रायव्हरची लांगी उभी राहिली. अंगाने काटकी, भागाकारात ढ.

"बाई, विचारणार नाही का?"

"काय?"

"आज काय बघितलं ते."

"पेपरात आहेत तेवढे प्रश्न पुरेत," मी म्हटलं.

ती बसली. मग सगळ्यांनी पेन्सिली उचलल्या. वर्ग इतका शांत होता की फुआतिनोताई दारात येऊन समाधानाने मान हलवून गेल्या. मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाईटही वाटलं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

सहावीची पोरं संध्याकाळी कबरीवर येऊन बसायला लागली आहेत. कबर घरापुढेच आहे, सगळ्यांची असते तशी. कबरीवर पोरं बसतातच. आमच्या सासूबाईंच्या कबरीवर तर मी कपडे वाळत घालते. त्यात काही नाही. पण ही पोरं खेळत नाहीत. गुडघ्याला गुडघा लावून कुजबुजतात, मध्येच एकदम गप्प होतात, बोटं दुमडत काहीतरी मोजतात. माझ्या आंब्यावर डोळा असणार.

प्रार्थनेचा शंख झाला की पळतात.

बाहेरच्या नळावर ताटं धुवायला गेले तेव्हा लांगी एकटी मागे राहिली होती. "घरी जा," म्हटलं. गेली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सराव पेपर तपासले. प्रश्न होता, तुमच्या घराचे पाच वाक्यांत वर्णन करा. मागच्या आठवड्यात मी नमुना उत्तर फळ्यावर लिहून दिलं होतं, ते सगळ्यांनी पाठ केलंय. माझे घर समुद्राजवळ आहे. माझ्या घराला लाल छप्पर आहे. घरासमोर फुले आहेत. आम्ही आनंदाने राहतो. मला माझे घर आवडते.

पेनिनाच्या घरावर वादळापासून निळी ताडपत्री आहे. तिनेही लाल छप्परच लिहिलंय. बरोबरची खूण केली. सगळ्यांना सारखे गुण, तपासायला वेळच लागला नाही.

फुआतिनोताई खूश आहेत. म्हणाल्या, "बघ, मुलं सुधारली की नाही?"

मी म्हटलं, "सुधारली."

२३ सप्टेंबर, सोमवार

पाळकीणबाई आल्या होत्या. पांढरा रविवार जवळ आला. त्या दिवशी पोरं पांढऱ्या कपड्यांत देवळात उभी राहून पाठ केलेली कवनं म्हणतात, आणि जेवायला पहिल्यांदा पोरं बसतात, मोठी माणसं वाढतात. सहावीची कवनं दरवर्षी एनेलिको करायचा, प्रत्येक मुलाला त्याचं त्याचं. महिनाभर आमच्या ओट्यावर पोरांची ही रांग.

"या वर्षी तुम्हीच बघा," पाळकीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला सांगणं बरं दिसत नाही."

"बघते."

"जमेल ना? जड जात असेल तर मी पाळकांशी बोलते. या वर्षी नुसतं एखादं गाणं ठेवू."

"जड काय जायचंय," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता, एवढं लक्षात आलं.

एनेलिकोच्या खणात गेल्या वर्षीच्या कवनांचे कागद आहेत. नवी कशाला करायची? तीच वाटून टाकते. ती म्हणणारी मुलं सातवीत गेली, यांना ही चालतील. ताळा जुळतो.

२६ सप्टेंबर, गुरुवार

ताळा जुळला नाही.

शाळा सुटायच्या आत सालोमे आली, पोराच्या मनगटाला धरून. पोरगा आउकुसो. तिचा आवाज पार समुद्रापर्यंत जात असणार.

"बाई, याच्या तोंडी कुणाची आजी घातलीत तुम्ही?"

मला कळेना. कागद बघितला. गेल्या वर्षी, सहावीतल्याच लाफाईच्या थोरल्या भावाला दिलेलं कवन. त्यात त्यांच्या आजीचं नाव, त्यांच्या घराण्याचं ठिकाण, त्यांच्या मताईचा, घराण्याच्या प्रमुखाचा, मान, सगळं गुंफलेलं. आणि सालोमेचं घराणं आणि लाफाईचं घराणं जमिनीवरून कोर्टात.

"आमच्या आज्या काय संपल्या?" सालोमे म्हणाली. "म्हातारी जिवंत आहे माझी सासू, तोंडात दात नाहीत पण जिवंत आहे! आणि माझा पोरगा अख्ख्या देवळासमोर त्यांच्या आजीचे गोडवे गाणार? उद्या म्हणाल जमीनही त्यांचीच!"

"चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं कसं? एनेलिको सरांनी पंधरा वर्षं पोरांना कवनं दिली, एकदा चुकलं नाही!"

मग ती थबकली. त्याचं नाव घेतलं म्हणून बहुतेक. डोळे पुसत म्हणाली, "माफ करा हो बाई." तीच रडली. मी तिला पाणी दिलं.

खरं तर ही चूक गावात कुणीच करणार नाही. कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं की एकाचं कवन दुसऱ्याला चालत नाही. मी नावं वाचलीच नव्हती. ओळी मोजून कागद वाटले होते.

लांगी बाकावरून म्हणाली, "आम्ही तुम्हाला सांगणारच होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

२९ सप्टेंबर, रविवार

नवी कवनं करायला बसले. दुपारभर बसले. लाफाई, असं नाव लिहिलं. त्याच्याबद्दल मला काय माहीत आहे? पट क्रमांक आणि भागाकारातले गुण. पेनिना. तिच्याबद्दलही तेवढंच. महिनाभर यांच्याकडे बघते आहे आणि काही बघितलेलं नाही.

कागद तसाच ठेवला. कोको केला, दोन पेले ओतला. प्यायले.

३० सप्टेंबर, सोमवार

तोडगा सापडला. बायबलातलं सगळ्यात लहान, दोनच शब्दांचं वचन घ्यायचं, प्रभूला रडू आलं ते. बिगरीतली पोरंही तेच म्हणतात. सगळ्या वर्गाने एकामागून एक तेच म्हणायचं. कुणाची आजी नाही, कुणाची जमीन नाही, विसरायची भीती नाही. मुलांना सांगितलं.

"सगळ्यांनी तेच?" लाफाईने विचारलं.

"तेच."

"बाई, ते का रडले होते?" पेनिना.

"त्यांचा मित्र मेला होता. बसा खाली."

वर्गात कुणी हललं नाही. मग लांगी म्हणाली, "चालेल, बाई." इतकी लगेच कबूल होणारी पोरगी नाही ती, पण मला वाद नको होता.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सराव पेपर. परत लाल छप्पर. नंतर देवळात तालीम. एकेकाने उठायचं, वचन म्हणायचं, बसायचं. कोको निवायच्या आत आटोपलं.

"एवढंच?" पाळकीणबाई म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांनी फुआतिनोताईंकडे बघितलं, ताईंनी छपराकडे. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "गेल्या वर्षी त्याने लाफाईच्या भावाकडून काय म्हणून घेतलं होतं, आठवतंय? लोक हसून हसून पडले होते."

"सराव पेपर तुम्हीच सांगितले, ताई."

"मी कवनांबद्दल बोलत्ये."

"तेच ते," मी म्हटलं. ताई पुढे चालायला लागल्या. रागाने म्हणाले नव्हते. राग यायला काहीतरी लागतं आतून.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पोरं रोज येताहेत. आज मीच आंबे नेऊन दिले, म्हटलं घ्या आणि जा एकदाचे. आंबे घेतले, खाल्ले, कोयी कुंपणापलीकडे फेकल्या आणि परत कबरीवर बसले. म्हणजे आंब्यासाठी येत नव्हते. मग कशासाठी येतात?

आउकुसो आणि लाफाई शेजारी शेजारी बसले होते. सालोमेने बघितलं तर बोंब मारेल.

१३ ऑक्टोबर, पांढरा रविवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

देऊळ खच्चून भरलेलं. आम्ही शिक्षक पुढच्या बाकावर, माझ्या शेजारी फुआतिनोताई. बिगरीचं झालं. मग सहावी उठली. ठरल्याप्रमाणे लाफाईने पहिल्यांदा वचन म्हटलं. आता पेनिनाने तेच म्हणायचं होतं. पेनिनाने ते म्हटलं नाही. ती म्हणाली, "का?"

मी पुढे झुकले. वाटलं, विसरली. दोन शब्द विसरली?

लाफाई म्हणाला, "कारण आमची डुकरीण मयताच्या जेवणात गेली, आणि तिला रोज सालं मी घालायचो."

लोक हसले. पाठीमागून कुणीतरी टाळी वाजवली. लाफाई हसला नाही. आता पेनिनाने परत वचन म्हटलं, तिच्या पुढच्याने विचारलं, "का?"

पेनिना म्हणाली, "कारण माझ्या घराला लाल छप्पर नाही. निळी ताडपत्री आहे, आणि पाऊस तिच्याशी रात्रभर भांडतो."

हसणं कमी झालं.

आउकुसो म्हणाला, "कारण आजी मला मेलेल्या काकाच्या नावाने हाक मारते, आणि मी ओ देतो."

कुणी हसलं नाही. सालोमेची सासू पहिल्या खांबाजवळ खुर्चीवर होती, ती मोठ्याने म्हणाली, "कोण बोललं ते?" आणि सालोमेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लाफाईची आई पलीकडून बघत होती.

असं एकेक. प्रत्येकाची एक ओळ. लहान, कापलेली, एकही शब्द जास्तीचा नाही. खेकड्याच्या बिळाच्या दाराची एक होती, बापाने न्यूझीलंडहून पाठवलेल्या लहान पडलेल्या बुटांची एक होती. मी पंख्याने वारा घेत होते. मला आठवतंय की मी मनात ओळींचे शब्द मोजत होते.

शेवटी लांगी. ती माझ्याकडे बघत नव्हती, लोकांकडेही नाही. समोरच्या उघड्या दारातून बाहेर बघत म्हणाली,

"कारण बाई रोज दोन ताटं धुतात, आणि एक खरकटं नसतंच."

आणि बसली. सगळे बसले.

मला एवढंच सुचलं की हे खरं नाही. मग सुचलं की खरं आहे.

फुआतिनोताईंनी माझ्या मांडीवर रुमाल टाकला. मी म्हटलं, "कशाला?" त्या म्हणाल्या, "हनुवटीवरून गळतंय तुझ्या." मला घाम वाटला होता. रुमाल आधीच ओला होता.

जेवणाला पोरं चटयांवर बसली, आम्ही वाढत होतो. उमूतलं, तापल्या दगडांवर भाजलेलं डुक्कर, तारोचे कंद, नीरफणस, शेवटी आइस्क्रीम. मी लांगीपुढे उकिडवी बसले.

"तू माझ्या घरात डोकावतेस?"

"नळ बाहेर आहे, बाई. डोकावावं लागत नाही."

"आणि कबरीवर बसून हेच चाललेलं तुमचं?"

"सर विचारायचे ना, काय बघितलं. आता वर्गात कुणी विचारत नाही, म्हणून तिथे बसून आपलं आपणच सांगतो."

"आणि सर काय म्हणतात?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच बिगरीतली. "बाई, सर मेलेत. काही नाही म्हणत. पण आधीपण ते जास्त काही म्हणायचे नाहीत. ऐकायचे, आणि छोटी कर म्हणायचे. ते आम्ही एकमेकांना म्हणतो." मग चमचा चाटत म्हणाली, "रागावलात?"

"नाही."

"रडताय मात्र."

"हो," मी म्हटलं. "आइस्क्रीम हवंय अजून?"

तिला हवं होतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. सकाळी फडताळातून ताटं काढली, दोन. एक परत ठेवलं. मग मी जमिनीवरच बसले. एनेलिको नाही. हे मला जुलैपासून माहीत होतं आणि मला आज कळलं. दुपारपर्यंत रडले, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतकी. कुणी आलं नाही, फक्त कुणीतरी ओट्यावर भाजलेले नीरफणस ठेवून गेलं.

फार दुखतंय. इतके दिवस दुखत नव्हतं ते बरं होतं का? मला ठरवता येत नाही. भूक मात्र लागली. नीरफणस सगळे खाल्ले.

संध्याकाळी पहिल्यांदाच कबरीपाशी गेले. नुसतं जाता-येता नाही, थांबून बघायला गेले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटच्या तासाला सराव पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वाटला नाही. पोरं गठ्ठ्याकडे बघत होती. सव्वीस वर्षं शिकवते आहे. एवढासा प्रश्न, तो मला विचारता येईना. मला वाटलं, विचारला तर तो मेला हे पक्कं होईल.

लांगीने हात वर केला.

"आम्ही विचारू का तुम्हाला?"

"विचारा."

"आज काय बघितलंत, जे दुसऱ्या कुणीच बघितलं नाही?"

तेवढ्यात फुआतिनोताई दारात. गठ्ठा त्यांनी बघितला. जिल्ह्याची सभा पुढच्या महिन्यात आहे. मी उभीच होते. म्हटलं आता ओरडतील, आणि मला आश्चर्य वाटलं की मला त्याची भीती वाटतेय. या तासासाठी मी त्यांच्याशी भांडणार होते. काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं.

त्या आत आल्या, शेवटच्या रिकाम्या बाकावर बसल्या, त्यांच्या मानाने तो बाक फारच लहान. म्हणाल्या, "थांबलीस का? मुलीने काहीतरी विचारलंय."

मग मी सांगितलं. सोमवारी बघितलेलं होतं, पण मुलांनी तेवढं चालवून घेतलं. म्हटलं, "एनेलिको सरांच्या कबरीला तीन महिन्यांतच चारही बाजूंनी हिरवं शेवाळ धरलंय, पण वरच्या बाजूला, जिथे तुम्ही रोज संध्याकाळी येऊन बसता, तिथली फरशी तेवढी पांढरी स्वच्छ राहिली आहे."

वर्ग विचारात पडला. लाफाईने बोटं दुमडत शब्द मोजले. आउकुसोने त्याला मध्येच काहीतरी सुचवलं, त्याने मान हलवली. फुआतिनोताईंनी तोंडावर हात धरला होता.

"चांगली आहे, बाई," लांगी म्हणाली. "पण लांब झाली. छोटी करा."

करते आहे.